वीस खुर्च्या, शंभर पाहुणे

१

सर्व्हर मेला तेव्हा प्रांजली शेवटून दुसऱ्या प्रश्नावर होती, आणि तो प्रश्न तिला चक्क येत होता. खरी चीड त्याचीच होती. न येणाऱ्या प्रश्नावर मेला असता तर तिने त्याला मनातल्या मनात दुवा दिला असता. पण नाही! ती उत्तर टाइप करणार तोच पडद्यावर एक चकती फिरायला लागली, फिरतच राहिली, आणि मग खोलीतल्या वीसच्या वीस संगणकांवर एकच ओळ उमटली : डेटाबेसशी संपर्क होत नाही.

"गओ," शेजारच्या खुर्चीवरून मधु म्हणाली. "फिर गओ जो!"

मधु झाशीतल्या नगरा वस्तीतली, प्रांजलीच्या वर्गातली, घरी आणि दारी बुंदेलीच बोलणारी. तिचं हे 'गओ' सिविल लाइंसच्या प्राजक्त अभ्यासिकेत आता सगळ्यांच्या तोंडी बसलं होतं, कारण गेला महिनाभर हा सर्व्हर असाच अधूनमधून जात होता. एरवी मुलं हसून घरी जायची. आज कोणी हसलं नाही. आज शनिवार, निवड चाचणी होती. लखनौच्या प्रोग्रामिंग स्पर्धेला जाणारी चार जणांची टीम हिच्यातून ठरणार होती. सकाळपासून तुकड्यांमागून तुकड्या बसल्या, सुखरूप उठल्या, आणि नेमक्या शेवटच्या तुकडीची उत्तरं पाण्यात गेली. शेवटची तुकडी म्हणजे प्रांजलीची.

दीप्तीताईने, म्हणजे संगणककक्ष सांभाळणाऱ्या ताईने, ताबडतोब भूषणभैयाला फोन लावला. भूषणभैया सर्व्हरचा डॉक्टर. ऊन असो नसो, काळा चष्मा डोक्यावर चढवलेलाच. तो आला, दीप्तीताईच्या केबिनमध्ये सर्व्हरसमोर बसला, बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला, आणि बाहेर आला तेव्हा पडवीत पन्नासेक मुलं त्याच्या तोंडाकडे बघत उभी होती.

"सर्व्हर की मेमरी ख़त्म हो गई थी," तो म्हणाला. "मेमरी संपली की सिस्टिम काय करते, सर्वांत जास्त मेमरी ज्याने धरलीय त्याला मारून टाकते. उसने डेटाबेस को मार डाला. ये तो हुआ मर्डर. आता खुनी कोण?"

त्याने बोट उचललं. सावकाश, सगळ्यांना नीट दिसेल असं.

ते बोट प्रांजलीच्या नाकासमोर येऊन थांबलं.

२

सोमवारी बैठक भरली. मोठ्या टेबलापलीकडे अध्यक्ष राजाभाऊ, चिटणीस विद्याधरकाका, भूषणभैया आणि दीप्तीताई. अलीकडे एकटी प्रांजली, शाळेच्या गणवेशात, वेणीची रिबीन सुटलेली.

राजाभाऊ मऊ माणूस. कोणाचंही कशावरूनही वाजलं की "चला, मिटवून टाका" हे त्यांचं ठरलेलं औषध. विद्याधरकाका त्यांच्या बरोबर उलट. सरकारी कारखान्यात इंजिनीअर म्हणून निवृत्त झालेले, आणि अभ्यासिका म्हणजे त्याच कारखान्याची शाखा अशा थाटात वावरणारे. पायरीवर चप्पल तिरकी दिसली तरी ते ती सरळ करून ठेवत.

"महिन्यापूर्वी हिने सर्व्हरवर स्वतःचा एक प्रोग्राम चढवला," भूषणभैया म्हणाला. "और एक महीने से ही सर्व्हर गिर रहा है. टाइमिंग देख लीजिए."

तो प्रोग्राम म्हणजे कोडी-कट्टा. मुलांनी एकमेकांना कोडी घालायची, सोडवायची, गुण मिळवायचे. प्रांजलीने सुट्टीभर खपून एकटीने लिहिला होता, आणि दीप्तीताईच्या परवानगीने चढवला होता. झाशीत अकरावीतल्या दुसऱ्या कोणी असं काही केलंय का, दाखवा बरं.

"माझा प्रोग्राम इवलासा आहे," प्रांजली म्हणाली. "तो काय मेमरी खाणार?"

"तो नाही. त्याने दार उघडं ठेवलं. बाहर से कोई घुसा. शनिवारी सर्व्हरवर शंभराच्या आसपास कनेक्शनं होती. मैंने अपनी आँखों से देखा. खोलीत मशीन किती?"

"वीस," दीप्तीताई हळूच म्हणाली.

"वीस खुर्च्या आणि शंभर जण बसलेले!" भूषणभैयाने हात पसरले. "बाकीचे ऐंशी कुठून आले? भूत आहेत?"

राजाभाऊंनी एक कागद पुढे सरकवला. माफीपत्र. माझ्या निष्काळजीपणामुळे वगैरे वगैरे, खाली सहीला जागा.

"सही कर बाळ, आणि मिटवून टाकू. रविवारी तुमच्या तुकडीची फेरपरीक्षा आहे, तू बस खुशाल."

"आणि नाही केली तर?"

"तर फेरपरीक्षेला बसता येणार नाही," विद्याधरकाका म्हणाले. "शिस्त म्हणून काही आहे की नाही?"

लखनौ! त्या स्पर्धेचं प्रांजलीने वर्षभर स्वप्न पाहिलं होतं. पेन तिच्या हाताशीच होतं. तिने ते उचललं, टोपण लावलं आणि परत ठेवलं.

"मी केलेलं नाही, त्यामुळे सही पण नाही."

ती ताडकन उठली, खुर्ची मागे सरली. विद्याधरकाकाही तिच्याबरोबरच उठले, आणि बैठक संपली असं समजून सवयीने त्यांनी भिंतीवरचं बटण दाबलं. पंखा गरगरत थांबला.

"अहो काका, आम्ही बसलोय अजून!" राजाभाऊ घाम पुसत ओरडले.

"प्रोग्राम आजच काढून टाकतो," भूषणभैया म्हणाला. "आणि पोरी, रविवारपर्यंत या संगणकांना हात लावायचा नाही."

३

"आई, मी माफी मागणार नाही."

"नको मागूस," तिची आई नीरजा पोळी लाटता लाटता म्हणाली. "पण नुसतं 'मी नाही, मी नाही' करून भागायचं नाही हं. तू नाहीस तर मग कोण, ते सांगता आलं पाहिजे."

झालं. प्रांजलीला तेवढंच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मधुला घेऊन ती थेट दीप्तीताईच्या केबिनमध्ये. तिथल्या कोपऱ्यात सर्व्हर गुरगुरत होता.

"अगं, तुला मनाई आहे ना?" दीप्तीताई दचकली.

"हात लावायची मनाई आहे. डोळे लावायची नाही. ताई, खरं सांग, तुला वाटतं मी केलं?"

दीप्तीताईने मान खाली घातली. "मला वाटून काय उपयोग? प्रोग्राम चढवायला मीच हो म्हटलं होतं. माझीही नोकरी नवीन आहे गं."

"बरं. मग मला एवढंच सांग, सर्व्हर मरतो कधी?"

"दुपारनंतर. सकाळी कधीच नाही."

"रोज?"

"रोज नाही. तुकड्या जास्त असल्या की जास्त. पण..." दीप्तीताई थबकली. "रविवारी कधीच नाही. आणि रविवारी तर मुंगीला जागा नसते."

मधु लगेच पुढे सरकली. "और इतवार को तो हम सब जोई खेलत हैं, कोडी-कट्टा! दिन भर!"

प्रांजलीने मधुचा खांदाच धरला. अर्थात! रविवारी कोडी-कट्ट्यावर सर्वांत जास्त गर्दी. दार त्याने उघडं ठेवलं असतं तर रविवारी चोरांची जत्रा भरायला हवी होती. आणि रविवारी सर्व्हर ठणठणीत!

"ताई, रविवारी इथे काय नसतं? कोण नसतं?"

"भूषणजी नसतात. विद्याधरकाका त्यांच्या गुरसरायच्या घरी जातात. राजाभाऊ तर तसेही सणासुदीलाच उगवतात. पण भूषणजी एरवी पण बोलावल्याशिवाय कुठे येतात?"

"शनिवारी काही वेगळं घडलं होतं?"

"छे गं. अगदी रोजच्यासारखंच सगळं."

"लाइट गेली होती?"

"गेली तरी काय? खोली मोठ्या इन्व्हर्टरवर आहे, मशीन बंद पडत नाहीत. सर्व्हरचा तर वेगळाच."

तेवढ्यात बाहेर गलका झाला. एक मुलगा धावत दाराशी आला.

"मैम! सर्व्हर फिर मर गया!"

मधु आनंदाने उडीच मारणार होती. प्रोग्राम काढून टाकलाय, तरी मेला! म्हणजे प्रांजली सुटली! पण मागून विद्याधरकाका आले, केबिनमध्ये उभ्या असलेल्या प्रांजलीकडे पाहिलं, मग सर्व्हरकडे, मग परत तिच्याकडे. त्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या.

"असं," ते म्हणाले. "सूड घ्यायला आलीस तर."

४

भूषणभैयाचं दुकान बाजारात, एका समोशाच्या गाड्याला खेटून. संशयित माणसाला भेटायचं तर रिकाम्या हाताने कसं जायचं? प्रांजलीने समोसे घेतले. मधुने वाटेत त्यातला एक कमी केला.

"भूषणभैया, मी भांडायला आले नाही," प्रांजलीने इतक्या गोड आवाजात सांगितलं की मधुला ठसका लागला. "मला शिकायचंय. तुमच्यासारखं."

भूषणभैयाचा चष्मा डोक्यावरच थोडा वर सरकला. स्तुती ऐकली की त्याच्या भुवया चष्म्यापर्यंत जात.

"अब आई लाइन पे. विचार, काय विचारायचंय?"

"कनेक्शन म्हणजे नक्की काय हो?"

"बघ. एक मुलगा मशीनवर चाचणी उघडतो. सर्व्हर म्हणतो, आओ बैठो. त्याच्यापुढे थोडी मेमरी वाढून ठेवतो. काम झालं की मुलगा म्हणतो, चलता हूँ. सर्व्हर उचलून घेतो. बस्."

"आणि थोडी म्हणजे किती?"

"ही तर माझी कमाल!" त्याने समोसा मोडला. "पहिल्यांदा कटोरीभर मिळायची. मुलं ओरडायची, पान उघडायला वेळ लागतो म्हणून. मी सेटिंग बदललं. अब हर एक को परात भर के! स्पीड देखी है ना आजकल?"

"बापरे! कधी केलंत हे?"

"हो गया होगा एक महीना."

महिना. प्रांजलीने मधुकडे पाहिलं नाही, पण टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला.

"आणि कोणी 'चलता हूँ' न म्हणताच निघून गेलं तर?"

"तर काही वेळाने सर्व्हर समजतो, ये गया, आणि ताट उचलतो. पूर्वी तसंच होतं. पण तुमच्या दीप्ती मॅडम म्हणाल्या, मुलं गणितावर विचार करत बसतात आणि मधेच बाहेर फेकली जातात. म्हणून मग मी तेही सेटिंग बदललं. आता दिवसभर कोणाला उठवत नाही."

"दिवसभर?"

"सुबह से शाम. मेहमाननवाज़ी!" भूषणभैया हसला. हसता हसता मधेच थांबला. प्रांजलीकडे बघून त्याने उरलेला समोसा खाली ठेवला. "क्यों? तू हे का विचारतेयस?"

"शिकायचंय म्हणून," प्रांजली म्हणाली.

"मग दुसरीकडे शिक. आणि ऐक. गुपचूप सही करून टाक. या प्रकरणात खोलात गेलीस तर लखनौ सोड, अभ्यासिकेचं दारही दिसणार नाही."

५

सायकल हातात धरून चालताना प्रांजली हँडलवर बोटं मोजत होती.

"का हो गओ री?"

"मधु, पंगत बघितली आहेस ना? समज, एक माणूस जेवता जेवता उठून गेला. कोणाला काही न सांगता. वाढप्याला वाटतं, हात धुवायला गेलाय, येईल. ताट तसंच. मग तोच माणूस परत आला, पण आपली जागा विसरला आणि नवीन ताटावर बसला. परत न सांगता उठला. परत नवीन ताट. जेवणारा एकच, पण ताटं?"

"पाँच-छह."

"आणि प्रत्येक ताट म्हणजे परात! मग शेवटी मांडव भरतो, पाय ठेवायला जागा नाही. मांडव सांभाळणारा वैतागतो आणि सर्वांत लठ्ठ माणूस उचलून बाहेर फेकतो. तो लठ्ठ माणूस कोण? जो सगळ्यांना वाढत होता तो. यजमानच! डेटाबेस! मधु, डेटाबेसने काही केलेलं नाही. तो बिचारा वाढत होता फक्त."

"पर मोड़ियाँ-मोड़े तो बोल के उठत हैं," मधु म्हणाली. "टेस्ट खतम, तो नीलो बटन दबाओ. सब दबात हैं."

प्रांजली थांबली. मधुचं बरोबर होतं. चाचणी संपली की मुलंमुली ते निळं बटण दाबत. पण लगेच पुढच्या तुकडीसाठी संगणक आपोआप पुन्हा चाचणीचं पहिलं पान उघडून, सर्व्हरशी हात मिळवून वाट बघत बसे. म्हणजे खोली रिकामी असली तरी वीस पाहुणे बसलेलेच. ते न सांगता कसे उठणार? संगणक काही पाय मोकळे करायला जात नाही. तो न सांगता एकाच प्रकारे जातो. जीव गेला तर.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा केबिनच्या दारात उभी. आत पाऊल टाकलं नाही.

"ताई, शेवटचं विचारते. तू म्हणालीस, शनिवारी रोजच्यासारखंच सगळं. रोजच्यासारखं म्हणजे काय काय? तुकडी उठली, इथपासून सांग."

दीप्तीताई वैतागली. "अगं काय सांगू? तुकडी उठते. मुलं पाणी प्यायला जातात. मीही चहा घेते. परत येऊन मशीन सुरू करते, पुढची तुकडी..."

"थांब! मशीन सुरू का करावी लागतात? बंद कोणी केली?"

"काका करतात ना. खोली रिकामी दिसली की बाहेरच्या बोर्डावरचं मोठं बटण..." दीप्तीताईचा हात तोंडावर गेला.

"प्रत्येक तुकडीनंतर?"

"रोजच. ते बंद करतात, मी चालू करते. त्यात सांगण्यासारखं काय, असं वाटलं..."

"ताई, आता माझ्याऐवजी तू हात लाव. सर्व्हरवर कोण कोण बसलंय ती खिडकी उघड, मी इथूनच बघते."

दीप्तीताईने उघडली. आज दोनच तुकड्या झाल्या होत्या. तरी पडद्यावर प्रत्येक संगणकाचा क्रमांक दोन-दोनदा झळकत होता. खुर्ची सात, खुर्ची सात. खुर्ची बारा, खुर्ची बारा. वीसच्या आतले क्रमांक सगळे. बाहेरचं एकही नाही.

बाहेरचं एकही नाही! आणि हीच खिडकी शनिवारी आणखी एका माणसाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती.

६

"एक दुपार द्या," ती राजाभाऊंना म्हणाली. "सगळ्यांसमोर. मी चुकले तर तिथेच सही करीन. पेन घेऊनच येते."

"अगं, कशाला वाढवतेस? मिटवून टाकू..."

"एक दुपार, काका."

तर शुक्रवारी दुपारी सगळे जमले. केबिनच्या काचेतून संगणककक्ष पूर्ण दिसत होता. मधुने मुलं जमवली होती. वीस जणांनी वीस संगणक सुरू केले, चाचणीचं पान उघडलं आणि ठरल्याप्रमाणे सगळी बाहेर गेली. सर्व्हरच्या पडद्यावर आकडा : वीस. कोडी-कट्टा तर केव्हाच काढलेला. भूषणभैया हाताची घडी घालून भिंतीला टेकला होता. चष्मा आज डोळ्यांवर होता.

थोड्या वेळाने, कोणी हात न लावल्यामुळे, रिकाम्या खोलीतले पडदे एकेक करून काळे पडले. राहिले ते गरगरणारे पंखे.

"विद्याधरकाका," प्रांजली म्हणाली, "खोली रिकामी आहे आणि पंखे चालू आहेत."

काकांनी "हो की" म्हटलं आणि विचार करायच्या आधीच त्यांचे पाय बोर्डाकडे निघाले. खट्.

खोलीत अंधार. सर्व्हरवर आकडा : वीस.

"अरेच्चा," राजाभाऊ म्हणाले. "मशीन तर बंद झाली. मग हे वीस कोण?"

"रिकामी ताटं, राजाभाऊकाका. माणसं मेली, सर्व्हरला कोणी सांगितलंच नाही. दीप्तीताई, चालू कर."

मुलं आत आली, संगणक पुन्हा सुरू झाले, चाचणी उघडली. आकडा : चाळीस.

पुन्हा मुलं बाहेर, पुन्हा खट्, पुन्हा चालू. साठ. मेमरीची पट्टी तापमापकातल्या पाऱ्यासारखी वर सरकत होती. ऐंशी. बाहेर उभी असलेली मुलं आपण होऊन आकडा ओरडायला लागली. विद्याधरकाका बोर्डाजवळ उभे होते. चेहरा उतरला होता. हात बटणावर ठेवायला धजत नव्हता.

"मला वाटायचं संगणक बंदच आहेत," ते पुटपुटले. "पडदे काळे असायचे. नुसते पंखे फिरत, दिवे जळत. वीज फुकट घालवायची नाही, एवढंच माझ्या डोक्यात..."

"माहीत आहे, काका. तुम्ही रविवारी गुरसरायला जाता, म्हणून रविवारी सर्व्हर जिवंत राहतो. पण आता आणखी एकदा करा. शनिवारी शेवटच्या तुकडीआधी केलं होतं तसं."

खट्. संगणक पुन्हा सुरू झाले. मुलं एकेक करून चाचणी उघडू लागली. पट्टी टोकाला टेकली. सर्व्हर गुरगुरला, क्षणभर अडखळला, आणि वीस पडद्यांवर तीच ओळ आली.

"गओ!" पन्नास मुलं एका आवाजात ओरडली.

७

"हाँ, तो मैं भी यही कहने वाला था," भूषणभैया चष्मा सारखा करत म्हणाला. "टेक्निकल बात है. काकाजी की आदत..."

"नाही," प्रांजली म्हणाली. इतक्या मोठ्याने, की तिलाच आपला आवाज अनोळखी वाटला. पण तो तिला आवडला. "काका तर कित्येक वर्षं बटण बंद करतायत, तेव्हा सर्व्हर नाही मेला. तेव्हा कटोरी होती आणि रिकामी ताटं उचलली जात होती. महिन्यापूर्वी तुम्ही कटोरीची परात केलीत आणि ताटं उचलणं बंद केलंत. दीप्तीताईने मुलांसाठी सांगितलं, तुम्ही वेगासाठी केलंत. चूक होते. मी पण करते. माझा प्रोग्राम पहिल्या दिवशी स्वतःचंच नाव विसरला होता."

दोघीतिघी खुदकन हसल्या.

"पण शनिवारी तुम्ही ही खिडकी बघितलीत. प्रत्येक कनेक्शनसमोर खुर्चीचा क्रमांक असतो. शंभरच्या शंभर आतले. मी अकरावीत आहे, मला दारातून बघून कळलं. तुम्हाला कळलं नाही, असं कोण म्हणेल? तरी बाहेर येऊन तुम्ही म्हणालात, बाहेरून कोणी घुसलं. ती चूक नव्हती, भूषणभैया. ते खोटं होतं."

भूषणभैयाने चष्मा काढला. त्याचे डोळे थकलेले दिसत होते.

"सेटिंग मेरी थी," तो हळू म्हणाला. "कबूल केलं असतं तर इथलं काम गेलं असतं. तू बच्ची है. मला वाटलं, बच्ची सॉरी म्हणेल, सगळे विसरतील."

"मीच विसरले नसते," प्रांजली म्हणाली.

राजाभाऊंनी घाईने माफीपत्र फाडलं. "झालं, झालं! तू रविवारी बस परीक्षेला. भूषणजी परातीची कटोरी करतील, रिकामी ताटं लगेच उचलली जातील, बटणाला आम्ही कुलूप घालू. आणि सगळ्यांना सांगू, तांत्रिक बिघाड होता. मिटवून टाकू."

"माझ्यावर बोट रोखलं ते पडवीत, सगळ्यांसमोर," प्रांजली म्हणाली. "ते बोट कोपऱ्यात नेऊन खाली नाही ठेवायचं. सांगायचं तर सगळ्यांसमोर. नाहीतर मी फेरपरीक्षेला बसणार नाही."

"अगं पण लखनौ..."

"माहीत आहे, काका. लखनौ मला तुमच्यापेक्षा जास्त हवंय."

सहीसाठी आणलेलं पेन तिने टोपण लावून परत दप्तरात टाकलं.

८

रविवारी विद्याधरकाका गुरसरायला गेले नाहीत.

परीक्षेआधी पडवीत मुलं आणि त्यांचे आईबाप दाटीवाटीने उभे होते. नीरजाही होती, मागे, खांबाला टेकून. सगळ्यांना वाटलं राजाभाऊ बोलतील, पण पुढे आले ते काका. इस्त्रीचा सदरा, ताठ मान.

"मागच्या आठवड्यात शनिवारी चाचणी बंद पडली, त्याला मी कारण होतो," ते म्हणाले. हिंदीत म्हणाले, सगळ्यांना कळावं म्हणून. "न बघता, न विचारता मी वीज तोडत होतो. प्रांजलीवर मी सुडाचा आरोप केला, तो माझ्या आयुष्यातला सर्वांत मूर्ख आरोप असेल. बेटा, मला माफ कर."

मग दीप्तीताई बोलली, रडत रडत, आणि तिचं अर्धं कोणालाच समजलं नाही. मग भूषणभैया. तो मात्र थोडक्यात आणि स्पष्ट बोलला. "मुझे पता था. मैंने झूठ बोला. लड़की ने सच ढूँढा." एवढंच. मधुने टाळी वाजवायला सुरुवात केली आणि थांबायचं नावच घेईना.

प्रांजली आपल्या खुर्चीवर जाऊन बसली. पडदा उजळला. घड्याळ सुरू व्हायला क्षणभर अवकाश होता. तेवढ्यात राजाभाऊ वाकून तिच्या कानाशी आले, पण त्यांची कुजबुजही खोलीभर ऐकू जाई.

"सगळं तुझ्या मनासारखं झालं ना? मग आता एक कर. त्या दिवशी भूषणजींना तू सगळ्यांसमोर खोटारडा म्हणालीस. वयाने मोठे आहेत गं. जाता जाता त्यांना एक सॉरी म्हण, म्हणजे पूर्ण मिटलं."

प्रांजलीने मान वर केली. सगळी खोली कान देऊन ऐकत होती. दाराशी भूषणभैयाही उभा होता.

"मी खरं बोलले आणि मोठ्याने बोलले, राजाभाऊकाका," ती म्हणाली. "यातल्या कशाबद्दल सॉरी म्हणू?"

राजाभाऊंनी वळून दाराकडे पाहिलं. दाराशी भूषणभैयाने मान हलवली, नको म्हणून, आणि कडेला सरकला.

घड्याळ सुरू झालं. प्रांजलीने पहिला प्रश्न उघडला.